पस्तीस मिनिटांचं चित्र

मंगळवार, ४ फेब्रुवारी

चित्र लावलंय, म्हणून वही उघडली. नवी वही, पण तीही याच वेळातली असणार. एरवी मला लिहायला सवड नसते, आणि सवड असली की लिहावंसं वाटत नाही. न बांधलेल्या खोल्यांची संगणकावर चित्रं करायची, हे माझं काम; आजचं चित्र स्वयंपाकघरातल्या कपाटांचं आहे. खिडकीतून सकाळचा उजेड, ओट्यावर काचेच्या तीन बरण्या. त्या बरण्यांनी माझा जीव खाल्लाय. काचेतून उजेड कसा वाकेल याचा हिशोब संगणक करत बसतो आणि तोवर दुसऱ्या कशाला हात लावू देत नाही. पस्तीस मिनिटं. आई याला शिजायला घालणं म्हणते. "घातलंस का शिजायला? मग ये, चहा घे."

कपाटवाल्यांनी आज नवीनच काढलं. माझी निम्मी कामं त्यांच्या कारखान्याची असतात, त्यामुळे त्यांनी काही काढलं की मला ऐकावं लागतं. त्यांना आता नुसती चित्रं नकोत, चालतं-फिरतं हवंय. "मॅडम, दार उघडून आत गेल्यासारखं वाटलं पाहिजे. वीस सेकंद फक्त." त्या वीस सेकंदांत पाचशे चित्रं असतात हे त्यांना कोण सांगणार. भाचीला फोन केला तर तिनं तोंडी हिशोब करून टाकला, "बारा दिवस, मावशी. न झोपता." ती संगणकाचंच शिकते, त्यामुळे तिला माझी दया येत नाही.

तिचं म्हणणं, प्रोसेसर बदल. "तुझ्या बोर्डावर बसतो त्यातला सगळ्यात जोरदार प्रोसेसर आता बनत नाही. दुकानांत उरलेत तेवढेच. आत्ता घेतलास तर बाकी सगळं आहे तेच चालेल. थांबलीस तर बोर्ड, मेमरी, सगळंच नवीन."

मी म्हटलं, बघू. आयुष्यात हा शब्द मी सगळ्यात जास्त वापरला असेन. पैशाची अडचण नाही, हे इथे लिहून टाकते, म्हणजे उद्या स्वतःला ती सबब सांगता येणार नाही. काम पंधरा मार्चला हवंय. "दुसरीकडे पण विचारून ठेवलंय," असं कपाटवाले हसत हसत म्हणाले. हसत म्हणाले म्हणजे खरंच विचारलेलं असणार.

अकराला शेजाऱ्याचा फोन येऊन गेला. त्याला विचारलं. तो म्हणाला, थांब.

चित्र आलं. बरण्या दिसतायत.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

दोन चित्रं पाठोपाठ लावायची आहेत. म्हणजे आज तासभर माझा.

शेजारी म्हणजे घराशेजारचा नव्हे, टेबलाशेजारचा. नवीन वही आहे, तर एकदा नीट लिहून ठेवते. जुन्या ऑफिसात आम्ही अकरा वर्षं शेजारी-शेजारी बसलो. मालकांना गप्पांचं वावडं. त्यांचा नियम असा, की चित्र लागलेलं असेल तरच बोलायचं, कारण तेव्हा तसेही हात रिकामे असतात. म्हणून कुणी "लावलं" म्हटलं की आम्ही खुर्च्या वळवायचो, आणि "आलं" म्हटलं की अर्ध्या वाक्यात परत वळायचो. ते वाक्य मग दुपारच्या चित्राला पुढे जायचं. त्याचं लग्न दीड वर्षात मोडलं, ती सगळी हकिगत मी एका हॉटेलच्या लॉबीच्या चित्रांवर ऐकली. माझे वडील गेले, ते मी त्याला एका दवाखान्याच्या काउंटरच्या चित्रावर सांगितलं. लॉबीला खांब फार होते, म्हणून ती हकिगत तपशिलात कळली.

मालकांचा दुसरा नियम पट्टीचा. प्रत्येक चित्राच्या खाली काळी पट्टी यायची. कोणत्या मशीनवर केलं, कुठला प्रोसेसर, किती वेळ लागला. कोण किती वेळ गप्पा मारतं हे त्यांना त्यावरून कळायचं. गिऱ्हाईकाला पाठवताना ती पट्टी कापायची. ऑफिस बंद होऊन सहा वर्षं झाली, पण माझी पट्टी अजून येते आणि मी अजून कापते. हाताला वळणच पडलंय. बंद करायचं बटण कुठे आहे ते आता मला आठवतही नाही.

ऑफिस बंद झालं तेव्हा शेजाऱ्यानं एकाच दिवशी दोन मशीनं जोडली. अगदी जुळी. एक स्वतःला, एक मला. माझं जोडायला घरी आला होता. प्रोसेसरवर लेप लावला, त्यावर पंखा बसवला, प्रत्येक वायरला कागदाची चिठ्ठी लावली. शेवटचा स्क्रू पिळताना म्हणाला, "वडील एकटे आहेत, मी गावी चाललोय. तिकडे खोली मोठी आहे. दोन टेबलं मावतात."

मी म्हटलं, बघू.

त्यानं स्क्रू पिळला आणि आईनं केलेला चहा घेऊन गेला. आठ तासांचा रस्ता आहे. मी कधी गेले नाही.

तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी अकराला फोन. कधी त्याचा, कधी माझा. ज्यानं चित्र लावलं त्यानं करायचा. "लावलं" म्हणून सुरू, "आलं" म्हणून बंद. सहा वर्षांत चित्र न लावता मी त्याला एकही फोन केलेला नाही, त्यानंही मला नाही. ठरवलं कुणी नव्हतं, पण तसंच चाललंय.

रविवार, ९ फेब्रुवारी

भाची आली होती. बाजूचं झाकण काढून आत टॉर्च मारला आणि "अरे देवा" म्हणाली. तिला धूळ दिसली. मला चिठ्ठ्या दिसल्या. 'मागचा पंखा.' 'हिला ओढू नये.' शेजाऱ्याचं अक्षर मुंगीच्या पायासारखं आहे, पण एकेक चिठ्ठी वाचता येते.

तिनं मला तक्ते दाखवले. असा प्रोसेसर घेतला तर पस्तीस मिनिटांचं चित्र चार मिनिटांत. तिनं चार बोटं वर करून दाखवली, मी बहिरी असल्यासारखी. चार मिनिटांत काय होतं? चार मिनिटांत माणूस "कशी आहेस" विचारतो आणि "बरी आहे" ऐकतो. हे मी तिला बोलले नाही.

"मावशी, तुला आनंद का होत नाहीये?"

"होतोय की."

"तोंड बघ आरशात."

आई पलीकडून म्हणाली, "तिला सांगू नकोस. तिला सावकाश शिजलेलं आवडतं." भाचीला वाटलं आजी स्वयंपाकाचं बोलतेय.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गेले चार दिवस मी प्रोसेसरबद्दल वाचतेय. घ्यावा की थांबावा. या विषयावर जगात माझ्यासारखी हजारो माणसं ताटकळत बसलेली आहेत. एकजण लिहितो, पुढची पिढी सहा महिन्यांवर आलीय, आत्ता घेणारा मूर्ख. दुसरा लिहितो, पुढची पिढी कायम सहा महिन्यांवरच असते, थांबणारा मूर्ख. दोघांचंही पटतं. दुसऱ्याचं जरा जास्त पटलं, म्हणून मी ते पान बंद केलं.

अकराला शेजाऱ्याचा फोन. "लावलं," म्हणाला. मीही लावलं होतं, म्हणजे दोन्हीकडून निवांत. परत विचारलं.

"थांब गं. नवीन येतायत. आत्ता घेशील आणि हळहळशील."

"हेच तू दोन वर्षांपूर्वी म्हणाला होतास."

"तेव्हाही येत होते."

एवढं जाणतं माणूस सांगतंय म्हटल्यावर मलाही धीर आला. माझ्यापेक्षा त्याला यातलं जास्त कळतं. त्याचंही मशीन तेच, तोही थांबलाय, तर मला काय घाई.

मग मी कपाटाच्या लाकडाबद्दल कुरकुरत होते, की कपाटवाल्यांना हवं तसं "हसरं" लाकूड कुठून आणू. तो म्हणाला, माझ्याकडे लाकडाच्या रेषांचा एक पोत आहे, आणि बोलता बोलता पाठवलाही. चित्र लागलेलं असताना त्याचं मशीन अडकलेलं असणार, म्हणजे फोनमध्ये साठवून ठेवला असेल. हल्ली त्याच्याकडून पंख्याचा आवाजही येत नाही. माझं मशीन चित्र लागलं की असं घोंगावतं, की आई दार लावून घेते. त्यानं मशीन टेबलाखाली सरकवलं असावं. विचारायला हवं.

पस्तीस मिनिटांनी म्हणाला, "आलं." माझंही तेव्हाच आलं. जुळी मशीनं.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

आज फोन माझा होता. बाथरूमच्या आरशाचं चित्र लावलं. आरसा असला की वेळ जास्त लागतो. आरसे मी हल्ली जरा जास्तच घालते. कपाटवाले म्हणतात, "मॅडम, एवढे आरसे?" मी म्हणते, जागा मोठी दिसते.

शेजारी धुळीवर वैतागला होता. त्याच्या खोलीत दोन टेबलं आहेत. एकावर मशीन, दुसरं रिकामं. रिकामं असलं की धूळ जास्त दिसते म्हणे, रोज पुसावं लागतं. मी म्हटलं, मग काढून टाक ना, नाहीतर कागदांचे गठ्ठे ठेव त्यावर. तो म्हणाला, नको, सवय झालीय. पुसायची सवय कुणाला होते का? या माणसाचं काही कळत नाही.

त्याचे वडील गेल्यावर तो परत येईल असं मला वाटलं होतं. त्याला तीन वर्षं झाली. मी त्याला विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. त्या दिवसांत आम्ही एका शाळेच्या ग्रंथालयाची चित्रं करत होतो. रॅकच रॅक. बोलायला वेळ पुष्कळ होता, आणि आम्ही रॅकवर बोललो.

शनिवार, २२ फेब्रुवारी

मशीन बसलं. चित्र निम्मं झालं आणि पडदा काळा. परत लावलं, परत काळा. भाची म्हणाली, प्रोसेसर तापतोय, लेप वाळला असणार, सहा वर्षं झाली, मावशी, लेप काय जन्मभर ओला राहतो का. तिनं शेजाऱ्याच्या लेपाला नावं ठेवली याचा मला राग आला. कसला राग, हे मलाच विचारलं तर सांगता येणार नाही.

तिनं दुकानात फोन केला. तो प्रोसेसर एकच उरलाय. बुधवारपर्यंत ठेवतो म्हणाले.

बुधवार, २६ फेब्रुवारी

दुकानातून दोनदा फोन आला. मी उचलला नाही. आईनं तिसऱ्यांदा उचलला आणि सांगितलं, "ती कामात आहे, उद्यापर्यंत ठेवा." मग माझ्यासमोर येऊन बसली.

"तुला नक्की काय पाहिजे?"

मी तिला सांगितलं, नवीन पिढी येतेय, बाजारात गोंधळ आहे, बोर्डाचा भरवसा नाही. ती ऐकत राहिली. तिला बोर्ड म्हणजे काय ते माहीत नाही, पण मी कधी थापा मारते ते तिला मी शाळेत होते तेव्हापासून माहीत आहे.

इथे तरी खरं लिहावं. मला प्रोसेसर नकोय. मला पस्तीस मिनिटं पाहिजेत. आठवड्यातून दोनदा पस्तीस मिनिटं, एवढंच माझ्याकडे आहे, आणि ते मी पैसे देऊन, स्वतःच्या हातानं, चार मिनिटांवर आणू? तो गावी गेला तेव्हा मी बघू म्हटलं. त्याचे वडील गेले तेव्हा काहीच म्हटलं नाही. आता माझं वय पन्नास. रविवारी सकाळी जाग आली की पहिला विचार येतो, मंगळवारला अजून दोन दिवस आहेत. याला काय म्हणतात ते मला माहीत आहे. लिहीत नाही.

आणि दुसरीकडे काम बुडतंय. अडतीस चित्रांपैकी नऊ झालीत, फिरतं चित्र तर सुरूही नाही. काम गेलं तर चित्रं लावायची कशाची? म्हणजे फोन तसेही जाणार. दोन्हीकडून गळा माझाच.

काल मंगळवारी फोनची पाळी माझी होती, पण चित्र लागेना म्हणून केलाच नाही. शेवटी शेजाऱ्याला निरोप टाकला. फोन नाही, निरोप. 'मशीन बसलंय. दोन चित्रं तुझ्याकडे लावून देशील का? घाई नाही.' घाई नाही असं का लिहिलं कुणास ठाऊक. घाईच होती.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

मशीन बंद आहे, तरी लिहितेय.

सकाळी साडेनऊला त्याची दोन्ही चित्रं आली. सुंदर. बरण्यांमधून उजेड असा उतरलाय की हात लावावा. आणि खाली पट्टी. कापायला विसरला. विसरला म्हणजे काय, ऑफिसात आम्ही एकमेकांना देताना कधीच कापायचो नाही, कापायची ती गिऱ्हाईकासाठी. त्याच वळणानं पाठवून दिली असणार.

मी पट्टी वाचली. सवयीनं वाचली.

लागलेला वेळ: चार मिनिटं बारा सेकंद.

आधी वाटलं, बरण्या काढल्या असतील. पण बरण्या तिथेच होत्या. मग पट्टीवरचं प्रोसेसरचं नाव शोधलं. बाजारात येऊन अडीच वर्षं झालेला; त्यानं आल्या आल्याच घेतला असणार. माझ्या मशीनचं जुळं भावंड कधीच गेलेलं आहे. त्यानं बदललं. मला सांगितलं नाही. वर मला सांगत राहिला, थांब, थांब, नवीन येतायत.

मला इतका राग आला की मी उठून भांडी घासली, घासलेली परत घासली. स्वतः पुढे निघून गेला आणि मला थांबवून ठेवलं. मी इथे आरसे घालून मिनिटं वाढवतेय, आणि तो तिकडे चार मिनिटांत मोकळा. माझी गंमत बघत होता का? पाठवलेल्या पोताचं आता कळलं. पंख्याचंही कळलं. सगळं समोर होतं आणि मी टेबलाखाली सरकवलं असेल म्हणत बसले.

दुकानात फोन करून सांगितलं, घेतेय. ज्या गोष्टीला तीन आठवडे लागले ती रागात एका मिनिटात झाली.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

अकराला त्याचा फोन आला. उचलला नाही. सहा वर्षांत पहिल्यांदा. वाजत होता तोवर मी त्याच्यासमोर बसून होते. अकरा दहाला परत वाजला. अकरा वीसला परत. मग नाही.

अकरा पस्तीसपर्यंत मी तिथेच बसले होते, हेही लिहिते.

शनिवार, १ मार्च

आईला सांगितलं. कुणाला तरी सांगायचंच होतं आणि भाची हसली असती. तिला चित्र दाखवलं, पट्टी दाखवली, आकडा वाचून दाखवला. म्हटलं, बघ, अडीच वर्षं मला खोटं सांगतोय. चार मिनिटांत होतं त्याचं, आणि मला म्हणतो, लावलंय, पस्तीस मिनिटं आहेत.

आई चष्मा लावून पट्टीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "चार मिनिटांत शिजतं?"

"हो."

"आणि तो पस्तीस मिनिटं फोनवर असतो?"

"हो. प्रत्येक वेळी."

"मग शिजल्यावर उरलेला वेळ तो झाकण धरून कशाला उभा असतो?"

आईनं चष्मा काढला, घडी करून ठेवला आणि भाजी निवडायला गेली. जाताना म्हणाली, "शिकलीस एवढी, पण वजाबाकी काही येत नाही तुला."

अडीच वर्षं. आठवड्यातून दोनदा. आणि प्रत्येक वेळी "आलं" म्हणाला तो पस्तिसाव्या मिनिटाला, कारण माझं तेव्हा यायचं. म्हणजे घड्याळ लावून बसत असेल. तो, ज्याला जेवायचं भान नसतं.

म्हणजे मी बदलू नये असं त्याला का वाटत होतं, तेही आता दिसतं. तो घाबरत होता. मी ज्याला घाबरत होते, त्यालाच.

दुपारभर काही काम केलं नाही. गॅलरीत कपडे वाळत घातले आणि ते वाळेपर्यंत तिथेच उभी राहिले.

रविवार, २ मार्च

भाचीनं प्रोसेसर बसवला. पंखा काढताना कुरकुरला. खाली त्याचा लेप, वाळून राखाडी खपली झालेला. कडेला एका बोटाचा ठसा होता, जास्तीचा लेप पुसताना उमटलेला. भाचीनं कापूस पुढे केला. म्हणाली, "पुसू ना?" मी म्हटलं, दे, मी पुसते. एकदम पुसला नाही. पण पुसला.

नवा लेप मी लावला. भाचीनं सांगितलं तेवढा, वाटाण्याएवढा. चिठ्ठ्या मात्र एकीलाही हात लावू दिला नाही. 'हिला ओढू नये.' ओढली नाही.

पहिलं चित्र लावलं. चहा ओतायला गेले, साखर घालेपर्यंत आलं.

मंगळवार, ४ मार्च

अकराला मी फोन केला.

पहिल्याच घंटेला उचलला. "लावलंस?" आवाज जपून होता. शुक्रवारचं विचारलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "काही लावलेलं नाही."

तो म्हणाला, "मशीन अजून बसलेलंच आहे का?"

"मशीन मस्त चालतंय. प्रोसेसर बदलला. चार मिनिटांत येतं आता. तुझ्यासारखं."

मधे पंख्याचाही आवाज नाही, कारण दोन्हीकडे आता पंखे गप्प असतात. मग तो म्हणाला, "पट्टी."

"पट्टी."

"आपल्यात कापायची सवय नाही ना."

"नाही."

"मी सांगणार होतो. दर वेळी वाटायचं, या शुक्रवारी सांगू. मग वाटायचं, सांगितलं तर तूही बदलशील, आणि मग…" त्यानं वाक्य तिथेच सोडलं. 'आलं' म्हणून अर्धी सोडलेली त्याची शेकडो वाक्यं मी ऐकलीत. हे एकच असं, की चित्र नसताना अर्धं राहिलं.

"आणि मग काय?"

"मग बोलायला निमित्त काय?"

मी म्हटलं, "मलाही तीच धास्ती होती. मी आरसे घालत होते. चित्राला वेळ लागावा म्हणून."

तो हसला. मग म्हणाला, "एवढे आरसे का, असं मला वाटायचंच. कपाटवाल्यांना कशाला हवेत आरसे."

मग आम्हाला बोलायला काही सुचेना. सतरा वर्षांत असं झालं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघत होते, तो काय बघत होता माहीत नाही. एकदा तो म्हणाला "बरं", आणि मला वाटलं आता ठेवणार. हातातून जातंय असं वाटलं, आणि मी सहा वर्षांपूर्वी बोलायला हवं होतं ते बोलले.

"त्या दुसऱ्या टेबलावर काय असतं हल्ली?"

"काही नाही."

"धूळ?"

"आज सकाळीच पुसलंय."

"आणि काल?"

"कालही. रोज पुसतो, तुला सांगितलं होतं ना." मग म्हणाला, "ते तुझंच टेबल आहे. तू बघू म्हणालीस, नाही कुठे म्हणाली होतीस."

आतून आईचा आवाज आला, भाजी निवडता निवडता, अगदी सहज. "त्याला विचार, माझ्या पलंगाला जागा आहे का. आणि मला खिडकीजवळ झोपायचंय."

"ऐकलं मी," शेजारी म्हणाला. "त्यांना सांग, खिडकी पूर्वेला आहे."

फोन ठेवला तेव्हा बारा वाजून गेले होते.

शुक्रवार, ७ मार्च

कपाटवाल्यांचं फिरतं चित्र लावून दिलंय, दीड दिवसात होईल. त्यांना लाकूड आवडलं. "आता हसलं, मॅडम."

त्याआधी एक खासगी काम केलं. शेजाऱ्याकडून खोलीची मापं मागवली. लांबी, रुंदी, दाराची जागा, खिडकीची उंची. त्यानं भिंतीला ओल आहे तीही मापून पाठवली. मग मी ती खोली बांधली. पूर्वेच्या खिडकीखाली आईचा पलंग. अलीकडे दोन टेबलं, शेजारी-शेजारी, आणि खुर्च्या एकमेकींकडे वळवलेल्या. एक आरसा घातला. गरज नव्हती, पण घातला. आईला चष्मा लावून पडद्यासमोर बसवलं. तिनं पलंगावर बोट ठेवलं आणि म्हणाली, उशी या बाजूला. उशी फिरवली.

चित्र तीन मिनिटं चाळीस सेकंदांत आलं. सगळं बसतं.

पट्टी न कापता त्याला पाठवलं.